सदाच्या बोटांतली पकड

नाईक सदानंद परब याला आमच्या कबड्डी टीमच्या मेजर साहेबांनी फसवलं. 'डॉक्टरांनी परवानगी दिली' असं सांगून त्याला फायनलला उतरवलं. डॉक्टरांनी परवानगी दिलेली नव्हती.

सदा मुलुंडचा, मी बोरीवलीचा. दोघेही खेळाच्या कोट्यातून सैन्यात भरती झालो. सकाळी पीटी, मधे ड्युटी, संध्याकाळी मॅट. तो लेफ्ट कॉर्नर, मी त्याच्या शेजारी. बचावात साखळी धरतात. शेजाऱ्याचा हात आपल्या हातात. त्याची पकड मला अंधारातही ओळखता आली असती.

सेमीफायनलला त्याच्या मानेवर दोघे पडले. फायनलला साखळी धरली, तेव्हा त्याची बोटं माझ्या हातात नुसती पडून होती.

"सदा, दाब."

"दाबतंय रे."

दाब नव्हता.

टाइमआउटला मी मेजर साहेबांना गाठलं. मी घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. तिथेही सौदाच मांडला. "सर, परब को बिठाओ. उसकी सारी नाइट गार्ड मैं करूंगा."

"डॉक्टर ने क्लिअर किया है. तू अपनी पोझिशन देख."

सदा हसला. "मोऱ्या, तुका तुझ्या गार्डात झोप आवरत नाय, माझी काय करतलंस? आणि साहेब खोटा बोलतले काय?"

पुढच्याच रेडला मी बाद झालो. बाद खेळाडूने मॅटच्या बाहेर चौकटीत बसायचं, परत घेईपर्यंत उठायचं नाही. मी बसलो. सदाच्या शेजारची जागा रिकामी. रेडर आला. सदाने घोट्यावर झेप घेतली. डोकं खाली, वरून रेडरचा गुडघा.

शिट्टी झाली. सगळे उठले. सदा उठला नाही. मी धावत गेलो.

"मोऱ्या, माझे पाय खंय आसत?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर कडाडले, "मैंने मना किया था. इसे खिलाया किसने?" चौकशीत 'खेळातील दुखापत' एवढंच ठरलं. मी अर्ज केले, भांडलो. काही झालं नाही.

सदा बरीच वर्षं मुलुंडच्या खोलीत खाटेला खिळून होता. मी जायचो, त्याचा हात धरून दाबायचो. तिकडून काही यायचं नाही. गेल्या वर्षी तो गेला.

आता मुलुंडच्या कबड्डी मंडळाने त्याच्या नावाचा चषक ठेवलाय. बक्षीस द्यायला मेजर साहेब येणार आहेत. सदाची आई पहिल्या रांगेत बसेल. मी मंडळात जाऊन तमाशा केला. उत्तर मिळालं, "काका, बॅनर लागले ना. आता काय?"

तर साहेब, या. चषकाला हात लावण्याआधी माइक घ्या आणि त्या माउलीकडे बघून सांगा: डॉक्टर नाही म्हणाले होते, मग तिच्या सदाला तुम्ही हो का सांगितलंत?