सुमनच्या दाखल्यावरचा शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगते आहे — ठाऊक नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. एकदा गॅसवर काही नसताना गॅस बंद आहे का ते बघून आले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. निपाणीतल्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. मूळची मी खानापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. गाईडं पाठ करून बेळगावात बी. ए. झालेली. इंग्रजीची मला आतून भीतीच वाटायची. वर्गावर जाण्याआधी कठीण शब्दांचे अर्थ पेन्सिलीनं पुस्तकात लिहून न्यायची — तेही कुणाला कळू दिलं नाही कधी.

दहावीच्या वर्गात सुमन होती. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची, वडील तिथंच हमाल. त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहारात पुस्तकांचं एक कपाट होतं, त्यात एक जाडजूड डिक्शनरी. सुमन ती वाचायची. म्हणजे खरोखर वाचायची, गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी.

एका धड्यात नोकर मालकासमोर खुर्चीवर बसतो आणि मालक म्हणतो, याची ऑडॅसिटी बघा. मी फळ्यावर लिहिलं — ऑडॅसिटी म्हणजे धैर्य. सुमननं हात वर केला.

"बाई, त्याचे दोन अर्थ हाईत. एक धाडस. दुसरा निलाजरा आगाऊपणा. मालक रागानं बोलतोय, तवा हितं दुसरा बसतोय न्हवं?"

बरोबर होतं तिचं. शब्द एकच; कौतुकानं म्हटला तर धाडस, चिडून म्हटला तर उद्धटपणा. कोण कुणाला म्हणतंय त्यावर सगळं. मला ते कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. वर्ग हसला — तिला नाही, मला. मी काय करायचं होतं? 'बरोबर आहे' म्हणायचं आणि फळा पुसायचा, एवढंच ना? मी तिला तास संपेपर्यंत उभं केलं. आणि — इथं हात अडतो — त्याच वर्गातल्या मामलेदारांच्या मुलीनं हेच म्हटलं असतं, तर तिला उभं केलं असतं का? नसतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

पण सांगायचं आहे ते हे नाही. हे लहान होतं.

सुमन दहावी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. तिला बेळगावला नर्सिंगसाठी अर्ज करायचा होता, त्याला वर्तणुकीचा दाखला लागायचा. वर्गशिक्षिका मीच. शेरा इंग्रजीत लिहायची पद्धत, म्हणजे कानडी साहेबालाही वाचता येतो. मी लिहिलं — मुलगी हुशार आहे, पण मोठ्यांच्या चुका काढण्याची ऑडॅसिटी तिच्यात आहे. तोच शब्द. निवडून. रागाच्या भरात नाही हो, तोवर तर महिने लोटले होते. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. हेडमास्तरांनी गठ्ठ्यातल्या इतर दाखल्यांबरोबर न वाचताच सही केली.

ती वडिलांना घेऊन दाखला न्यायला आली. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. टोपी हातात.

"बाई, इंग्लिशमधी काय लिवलंय वो पोरीबद्दल?"

सुमननं कागद वाचला होता. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "धीट मुलगी आहे, असं लिहिलंय."

"धीट! व्हय, हाय खरी. ल्हानपनापास्नं लई धीट."

माझ्यापुढे हात जोडता यावेत म्हणून त्यांनी कागद तिच्याकडे दिला. ती एक शब्द बोलली नाही. का नाही बोलली? बापाचा चेहरा बघून असेल. मला वाचवायला तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. "बाई, दुसरा दाखला द्या. आप्पास्नी मी काय बी सांगणार न्हाय."

एवढंच मागितलं तिनं. पण त्यावर पुन्हा सही लागली असती, हेडमास्तरांनी कारण विचारलं असतं, पहिला कागद वाचला असता. मी म्हणाले, एकदा रजिस्टरला चढलं की बदलता येत नाही.

बदलता येत होतं. दर वर्षी कुणाकुणाचे बदलून देतच होतो आम्ही.

बेळगावात तिला घेतलं नाही. तिथल्या साहेबांनी शेरा मोठ्यानं वाचला आणि ते हसले, असं तिच्या मैत्रिणीकडून माझ्या कानावर आलं. त्या पावसाळ्यानंतर ती आईबरोबर वखारीत जाऊ लागली. सकाळी शाळेच्या वाटेवर दिसायची, नाकातोंडाला फडकं बांधलेली. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले.

बऱ्याच वर्षांनी, ऐंशीचं दशकही उलटून गेल्यावर, बेळगावच्या बसमध्ये तिचे वडील माझ्या शेजारी येऊन बसले. ओळखलं त्यांनी. सुमनला कोगनोळीत दिली होती, तिथून ती रोज निपाणीला वखारीत यायची. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमी येवढं चांगलं लिवलतं बाई, तरी घेतलं न्हाय बगा. त्या सायबास्नी धीट पोरी नको आसत्याल."

"असेल," मी म्हणाले.

तेव्हा तरी? बस रिकामी होती, बेळगाव यायला तासभर होता, ऐकणारं कुणी नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून दिला. मी घेतला. खाल्लाही.

ते आता नाहीत. सुमन कोगनोळीतच आहे. घर कुठलं तेही मला ठाऊक आहे. मी गेलेली नाही.