सूर्यचुलीतला भात

मंजुळाचं माहेर वरळीच्या कोळीवाड्यात. लग्न झालं चंदूशी आणि ती डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. चंदू गिरणीत साचाखात्यात, मागावर कापड विणायला होता. माणसं म्हणायची, कोळीण असून हिला आवाज नाही. आवाज नव्हता खरा, पण वस्तूंना जपणं भयंकर. पिंपाला साधा पोचा पडला तर दिवसभर तोंड फुगवून बसायची. चंदू हसायचा, "बायको नाही, भांड्यांची वॉचमन आणली मी."

संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. वर्ष उलटलं. चंदू भिवंडीला यंत्रमागावर गेला. तिथेच कारखान्यात झोपायचा आणि जमेल तेव्हा थोडे पैसे पाठवायचा. मंजुळाने दादरला तीन घरची धुणीभांडी धरली. रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहावं तर कामं बुडायची, कामं करावीत तर रॉकेल संपलेलं असायचं.

अशात प्रधानबाई आल्या. दादरच्या एका महिला संस्थेच्या त्या चिटणीस. बरोबर टेम्पोतून एक पेटी आणली होती. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. त्यांनी गच्चीत बायका जमवल्या.

"ही सूर्यचूल. अर्धी किंमत सरकार देतं, सबसिडी म्हणून. उरलेली आमची संस्था भरेल, तुम्ही जमेल तशी फेडा. रॉकेल नको, गॅस नको. तांदूळ, डाळ, पाणी घाला आणि उन्हात ठेवून खुशाल कामाला जा."

बायका हसल्या. "उन्हात भात शिजला असता तर आम्ही सगळ्या शिजलो नसतो का?" कोणीतरी म्हणालं. त्या चाळीत पेटी घेतली एकट्या मंजुळाने. कामाला जाताना लावायची आणि आल्यावर काढायची चूल तिला हवीच होती.

भात शिजला. मोकळा, पांढराशुभ्र. ज्या हसल्या होत्या त्याच झाकण उघडताना वाफ बघायला आल्या. पेटीबरोबर काळे रंगवलेले चार डबे होते. ते मंजुळा राखेने घासत नसे, रंग जाईल म्हणून. नुसत्या फडक्याने पुसायची.

थोड्याच दिवसांत भात कमी भरायला लागला. फार नाही, मूठ-दोन मुठी. पण घेणारा वरून हात फिरवून भात सारखा करून ठेवायचा. मंजुळाच्या लक्षात आलं. तिने जयवंतला सांगितलं. जयवंत तरणा, गिरणीतलाच. संपकऱ्यांसाठी धान्य यायचं ते चाळीत तोच वाटायचा, त्यामुळे त्याचा शब्द चालायचा.

"कोण आहे ते बघतोच," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याचे दोन मित्र गच्चीतल्या पाण्याच्या टाकीमागे बसले.

सापडले ते शामराव.

शामराव तळमजल्यावर राहायचे. साठीला आलेले, साचाखात्यातले जुने कारागीर. चंदूला साचा त्यांनीच शिकवला होता. बायको कांता पायांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, मुलगा सुरतेला जाऊन तिकडचाच झालेला. गिरणीने जुन्या कामगारांना निरोप धाडले होते, या, कामावर घेतो. शामराव गेले नव्हते. "पोरं रस्त्यावर आणि मी आत? नाही जमायचं," असं म्हणाले होते. त्याच शामरावांच्या हातात केळीच्या पानाचा तुकडा होता आणि त्यावर भात.

मंजुळा कामावरून आली तेव्हा चाळ जिन्यात लोटली होती. जयवंतने काळ्या डब्याच्या कानांत सुतळी ओवून तो शामरावांच्या गळ्यात अडकवला होता. त्यांना मजल्यामजल्यावरून फिरवत होते. पोरं पत्रे वाजवत होती. ज्यांच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती तेही हसत होते, कदाचित तेच जास्त.

"काकीसाठी नेत होतो रे," शामराव एकदाच म्हणाले.

"काकी आजारी, आणि भूक तुम्हाला?" कोणीतरी ओरडलं.

शामरावांनी मंजुळाला पाहिलं. ते थांबले. जिन्यातला गलका कमी झाला. ती काय म्हणते ते ऐकायचं होतं सगळ्यांना. "मीच दिला होता काकांना," एवढं ती म्हणाली असती तर सुतळी तिथेच सुटली असती. तिलाही ते सुचलं होतं. पण डबा शामरावांच्या छातीवरून कठड्याला आपटत होता.

"डबा सांभाळून," ती म्हणाली, "पोचा येईल."

जिना हसून फुटला.

दोन दिवस शामरावांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडले आणि पोलिसांच्या गाडीआडून गिरणीत कामाला गेले. जयवंतने त्यांना फाटकाशी गाठलं होतं. त्याला ते म्हणाले, "चोर केलंतच. आता फितूर म्हणा. दोन्हीला पोट एकच."

आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी ते पाळी संपवून येताना जिन्याखालच्या अंधारात चौघांनी त्यांना धरलं. उजवा हात पायरीवर ठेवून दगडाने बोटं ठेचली. ओरडणं सगळ्या चाळीने ऐकलं. दारं लागली. मंजुळाने पण कडी घातली. सकाळी जयवंत नळावर नेहमीसारखा दात घासत होता आणि त्याला कोणी काही विचारलं नाही.

साच्यावर तुटलेला धागा सांधणारी ती बोटं. गिरणीने शामरावांना घरी बसवलं. महिन्याभराने त्यांनी खोली सोडली आणि एका टेम्पोत कांताकाकींना उचलून ठेवून वडाळ्याला, मिठागराकडच्या झोपड्यांत गेले.

चंदूला हे भिवंडीत कळलं. तो आला, बूट न काढता दारात उभा राहिला.

"मला उपाशी ठेवून त्यांनी डबा खाल्लाय का कधी? त्यांच्या डब्यातलं खाऊन मी साचा शिकलो. एक मूठ भात जड झाला तुला?"

"मारलं मी नाही," मंजुळा म्हणाली.

"तू भांडं वाचवलंस," तो म्हणाला आणि गेला. पैसे येत राहिले काही दिवस, मग तेही थांबले. भिवंडीत त्याने दुसरं घर केल्याचं ऐकू आलं.

प्रधानबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की वाटलेल्या पेट्यांतली मंजुळाचीच रोज चालते. बाकीच्या चाळींतल्या बायकांनी पेट्यांत कपडे नाहीतर कांदे भरले होते. सबसिडी चालू राहायची तर पेट्या खपायला हव्यात. त्यांनी मंजुळाला पगार देऊन प्रदर्शनांना न्यायला सुरुवात केली. शाळांची पटांगणं, सोसायट्यांच्या गच्च्या, गणपतीचे मंडप. मंजुळा डबे लावायची, मग चार शब्द बोलायची.

बोलणं तिला जमत नव्हतं. गिरगावात एका गच्चीवर एका बाईने विचारलं, "पण चवीचं काय हो? स्टोव्हसारखी लागते?" मंजुळा घाबरली, आणि तिच्या तोंडून निघालं, "चव? आमच्या चाळीत एक म्हातारे चोरून खायचे!"

गच्ची हसून लोटपोट झाली. त्या दुपारी अकरा पेट्या नोंदल्या गेल्या.

"हेच सांगायचं," प्रधानबाई परतताना म्हणाल्या. "प्रत्येक ठिकाणी. अगदी असंच."

मंजुळा सांगू लागली. हळूहळू तिला ते साधलं. कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे हे कळलं. गोष्टीत टाकीमागे लपलेली पोरं आली, गळ्यातला डबा आला. "मी म्हटलं, डबा सांभाळून, पोचा येईल!" यावर तर हमखास टाळ्या पडायच्या. बोटांचं ती कधी सांगत नसे. कधीही आवाज नसलेली मंजुळा आता माईकशिवाय पटांगण गाजवायची, आणि ते तिला आवडायचं.

परळच्या एका पटांगणात असंच प्रदर्शन होतं. गोष्ट झाली, लोक हसले, मग नमुन्याचा भात द्रोणातून वाटायचा होता. रांग लागली. रांगेत बघणारे कमी आणि खाणारे जास्त असायचे. मंजुळा मान खाली घालून वाढत होती. समोर एक डावा हात आला. उजवा सदऱ्याच्या खिशात होता. तिने वर पाहिलं.

शामराव खूप वाळले होते. ते पहिल्यापासून तिथे बसले असणार. सगळी गोष्ट ऐकली असणार.

"काका," ती म्हणाली.

"वाढ," ते म्हणाले. "रांग मोठी आहे."

तिने वाढलं. ते बाजूला उभे राहून, द्रोण छातीशी धरून खात होते. संपल्यावर परत रांगेत उभे राहिले. दुसऱ्यांदा तिच्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "हा काकीसाठी. आज विचारून नेतोय."

त्यानंतर मंजुळाने ती गोष्ट सांगितली नाही. नुसतं काच, आरसा, ऊन एवढंच बोलायची. प्रधानबाई चिडल्या. "गोष्ट का गाळता? लोक त्यासाठी येतात." मंजुळा डबे पुसत राहिली. पेट्यांचा खप पडला. पुढे सरकारनेच सबसिडी आधी कमी केली, मग बंद केली. पूर्ण किमतीत पेटी कोण घेणार? संस्थेने सगळं गुंडाळलं आणि मंजुळा पुन्हा दादरच्या धुण्याभांड्यांवर आली.

शामराव गेल्याचं तिला बाजारात कळलं. ती वडाळ्याला गेली. झोपडी विचारत विचारत सापडली. आत पाच-सहा बायका बसल्या होत्या. कांताकाकी भिंतीला टेकून होत्या. मंजुळाला त्यांनी लगेच ओळखलं. मंजुळाला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं, असंही वाटलं.

"ये, बस," कांताकाकी म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "ही मंजुळा. आमची चाळीतली शेजारीण. संपात आमचे हे रोज हिच्याच घरचा भात खायचे."

"हो?" एक बाई म्हणाली. "त्या दिवसांत? स्वतःच्या घरात नसताना?"

"विचारा तिला."

सगळ्या मंजुळाकडे बघू लागल्या. एका म्हातारीने तिचा हात हातात घेतला, तिची बोटं कपाळाला लावली. "पुण्य लागेल हो बाई तुला."

मंजुळाने हात सोडवला नाही. कांताकाकी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. कोणीतरी काळा चहा आणून दिला. तो संपेपर्यंत ती बसली.

"येत जा," निघताना कांताकाकी म्हणाल्या. "येतील त्यांना मी तुझं सांगत असते."