आमचं दार सोडून

गुलाबपाण्याच्या वासाने लोकांना लग्नकार्यं आठवतात; मला राग येतो. नवरात्राचा पुरट्टासी हा तमिळ महिना लागतो, दुपारचं ऊन अंगाला चटके देतं आणि संध्याकाळी पश्चिमेला ढग दाटून येतात, कालव्यातलं कावेरीचं पाणी गढूळ होऊन वाहतं, आणि आमच्या तंजावूरच्या गल्लीत घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. वर्षभर जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत निजलेल्या मातीच्या बाहुल्या जाग्या होतात आणि पांढरं कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर देव, राजे, वाणी-वाणीण, मान डोलावणाऱ्या नर्तकी ओळीने उभ्या राहतात. आम्ही घरात मराठी बोलतो, पण नवरात्रातल्या या बाहुल्यांच्या मांडणीच्या, कोलूच्या बाबतीत पुरते तमिळ आहोत. बायका कुंकवाची कोयरी घेऊन दारोदार जातात. कपाळाला कुंकू लागलं की तेच आमंत्रण, मग संध्याकाळी त्या घरी जायचं, एखादं पद म्हणायचं, अंगावर गुलाबपाणी शिंपडून घ्यायचं आणि खोबरं घातलेलं हरभऱ्याचं सुंडल घेऊन परतायचं. ज्या दाराला कुंकू येत नाही ते घर गल्लीत असूनही नसतं. आमचं घर असं नसलेलं होतं, माझ्या शाळेच्या दिवसांपासून माझे केस पांढरे होईपर्यंत.

मी इथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. दरवर्षी एक जुनी, जगभर वाचली जाणारी कादंबरी शिकवावी लागते: परक्या देशातलं लहान गाव, खोट्या आरोपात अडकलेला एक काळा माणूस, त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील, आणि हे सारं अजाण डोळ्यांनी पाहणारी त्या वकिलाची मुलगी. मुलं वर्गात डोळे पुसतात, आणि मला त्या रडण्याचा संताप येतो, कारण परक्या देशातल्या अन्यायावर रडायला काय लागतं, रुमाल असला की झालं. यंदा मात्र ओरत्तनाडूहून बसने येणाऱ्या एका मुलीने न रडता विचारलं, "मॅडम, त्या गावातल्या लोकांचं पुढे काय झालं?" काय व्हायचंय! सणवार केले, जेवले, झोपले. एवढं ओठांवर आलं होतं. पण तास संपला आणि मी खडू ठेवून बाहेर पडले.

गोविंदन आमच्या गल्लीत चुनकाम करायचा. नवरात्र संपून दिवाळी जवळ आली की तो यायचा आणि त्याच्यामागून भिजलेल्या चुन्याचा तो गार, कोवळा वास सगळ्या गल्लीत पसरायचा. त्या वर्षी समोरच्या घरातली चांदीची गुलाबदाणी दिवाळीत सापडेना. ते घर बापूकाकांचं. मोठा सरकारी अधिकारी माणूस, गल्लीतला शब्द त्यांचा. झाकणावर मोर, मोराचा तुरा मोडका, अशी ती पिढीजात गुलाबदाणी होती, आणि तिच्यातलं गुलाबपाणी कोलूला गेल्यावर माझ्या केसांवरही पडलेलं होतं. बापूकाकांनी पोलिसांना सांगितलं, गोविंदनला धोतराच्या सोग्याखाली काहीतरी लपवून जाताना मी स्वतः पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं खरंच. पण ते गाठोडं माझ्या आईने बांधून दिलेलं होतं. त्यात भात होता.

आई मोठी बंडखोर वगैरे नव्हती. गोविंदनला ती मागच्या अंगणातच वाढायची, पाणीही वरून ओतायची, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला तेव्हा वाटत नव्हतं. पण ज्या बाईने आयुष्यात कोर्टाची पायरी पाहिली नव्हती ती नऊवारी नेसून, माझा हात धरून तिथे गेली आणि बापूकाकांच्या तोंडावर म्हणाली, ते गाठोडं माझं. वडिलांनी तिला अडवलं नाही, तिच्याबरोबर गेलेही नाहीत. मी तिच्याकडे पाहत राहिले होते आणि मला वाटत होतं, आता आईने सांगितलं ना, आता झालं, गोविंदन घरी जाईल. पण मोठ्या माणसाच्या शब्दापुढे एका गृहिणीचा भात किती टिकणार? गोविंदन तुरुंगात गेला, खोकत बाहेर आला, त्याला परत कुणी भिंतीला हात लावू दिला नाही, आणि एके दिवशी तो वारला.

पुढच्याच नवरात्रात, गोविंदन अजून तुरुंगात असताना, मी परकर-पोलकं घालून दारातल्या पायरीवर बसले होते. बापूकाकांची बायको, रुक्मिणीकाकू, कोयरी घेऊन निघाली. शेजारच्या दारात थांबली, आमचं दार सोडून पुढे गेली. तिच्यामागून एकेक करून सगळ्यांनी तेच केलं. मला वाटलं विसरल्या असतील, म्हणून मी हाक मारली, "काकू, आमचं घर राहिलं!" काकूने मान वळवली नाही. आई आतून आली, तिने स्वतःची कोयरी उचलली आणि ती थेट गोविंदनच्या वस्तीत गेली, त्याची बायको सेल्लम्मा हिच्या कपाळाला कुंकू लावून तिला संध्याकाळी पुढच्या दाराने घरात घेऊन आली. तेव्हापासून आमच्या कोलूला तेवढीच एक पाहुणी. गोविंदन गेल्यावरही आईने कुंकू लावणं सोडलं नाही, आणि विधवेला कुंकू कसलं म्हणून गल्लीने आणखी नाकं मुरडली. आई गेली तेव्हाही समोरचं दार उघडलं नाही. त्या दाराकडे पाहून मी मनात जे जे बोलले आहे ते लिहिण्याजोगं नाही.

यंदा आक्रीत झालं. बापूकाका कधीच वारले. रुक्मिणीकाकू थकली, म्हणून तिची धाकटी सून वैदेही बंगळूरहून इथे राहायला आली. हसरी, भाबडी पोर. तिला गल्लीचा इतिहास कुणी सांगितलाच नसावा. सकाळी दार वाजलं, आणि मी उघडते न उघडते तोच तिने माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं. "अक्का, संध्याकाळी नक्की या हं. सगळ्यांकडे जाऊन आले, तुमचंच राहिलं होतं."

मी दार लावून घेतलं आणि तशीच उभी राहिले. पहिला विचार आला, जायचंच नाही, तोंडावर नाही म्हणून सांगायचं, आणि त्या विचारानेच जिभेवर साखर ठेवल्यासारखं वाटलं. मग त्याहून गोड दुसरा विचार सुचला. मी स्कूटर काढली आणि सेल्लम्माकडे गेले.

सेल्लम्मा आता पाठीत वाकली आहे. तिने माझं बोलणं ऐकून घेतलं, तोंडातलं पान संपवलं. "तिथे कशाला, पाप्पा?" ती अजून मला पोरच म्हणते. मी म्हटलं, तुम्हाला पहिलं कुंकू त्या घरातून मिळालेलं मला बघायचंय, त्या म्हातारीच्या हातून. ती म्हणाली, "तू भांडायला जातेस. मी तुझ्या आईसाठी येते."

समोरच्या घराच्या दिवाणखान्यात समयांचा प्रकाश होता, मोगऱ्याचा आणि उदबत्तीचा वास कोंदला होता, आणि चटईवर बसलेल्या बायका आम्हा दोघींना पाहून गाता गाता थांबल्या. रुक्मिणीकाकू खुर्चीत होती. मी सेल्लम्माला चटईच्या मधोमध बसवलं आणि वर पाहिलं तर सर्वांत वरच्या पायरीवर, देवीच्या शेजारी, मोडक्या तुऱ्याचा चांदीचा मोर होता.

"सुरेख आहे ना, अक्का?" वैदेही कौतुकाने म्हणाली. "बाहुल्यांच्या सर्वांत जुन्या पेटीत, अगदी तळाशी सापडली, लुगड्यात गुंडाळलेली. सासूबाईंनी कधी दाखवलीच नव्हती, म्हटलं यंदा गुलाबपाणी हिच्यातूनच शिंपडू."

विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी करून कोलू निजवायचा, दुसऱ्या दिवशी पेट्या भरायच्या आणि मग वर्षभर त्यांना हात लावायचा नाही, ही आमची रीत. त्या वर्षी आवराआवरीत कुणीतरी गुलाबदाणीही बाहुल्यांबरोबर गुंडाळली. दिवाळीत सारं घर पालथं घातलं असेल, पेट्या तेवढ्या सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण इथे वळसा गोविंदनला घालावा लागला, तोही तुरुंगातून. पुढच्या नवरात्रात पेटी उघडली तेव्हा तो जिवंत होता, आत होता. आणि त्याच सकाळी ही बाई कोयरी घेऊन आमचं दार सोडून गेली होती. इतकी वर्षं मी समजत होते की ते आमच्यावर रागावले आहेत. कसला राग! माझ्या आईच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची त्यांची छाती नव्हती.

"रुक्मिणीकाकू," मी म्हटलं, "ही कधी सापडली?"

म्हातारी मराठीत, अगदी हळू, जणू आम्हा दोघींपुरतंच बोलली, "यांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून. घराची अब्रू जाईल म्हणाले. मी काय करणार होते ग?"

"तमिळमध्ये सांगा, काकू," मी मोठ्याने म्हणाले. "सेल्लम्माला मराठी येत नाही."

खोटं कशाला बोलू, ते वाक्य उच्चारताना मला जे सुख झालं तसं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे. वैदेहीचा चेहरा पांढरा पडला होता. तिची मला कीव आली, पण मी थांबले नाही. काकूने पदराने तोंड पुसलं आणि ती तमिळमध्ये म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने चोरी केली नव्हती."

"नाव घ्या," सेल्लम्मा म्हणाली.

"गोविंदनने चोरी केली नव्हती."

मला वाटलं, आता सेल्लम्मा शाप देईल, निदान ऊर बडवून रडेल. मला ते हवंच होतं, गल्लीला ऐकू जाईल असं हवं होतं. ती चटईवरून सावकाश उठली, पायऱ्यांपाशी गेली आणि बराच वेळ त्या मोराकडे बघत राहिली. तिने ती वस्तू त्याआधी कधी पाहिलीही नव्हती. मग ती काकूकडे वळून म्हणाली, "ही आता पेटीत घालू नका. बाहेर राहू दे, खिडकीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की सांगायचं." कुंकू न घेताच ती बाहेर पडली, आणि मी तिच्यामागून चपला शोधत निघाले.

विजयादशमी झाली, पेट्या माळ्यावर गेल्या. वैदेहीने गुलाबदाणी रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवली आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, मान खाली घालून सांगते, पण सांगते. काकू त्या खोलीत बसत नाही म्हणे. बसू नये. मी क्षमा केलेली नाही, करायची माझी इच्छाही नाही, आणि कॉलेजातल्या त्या मुलीला उत्तर द्यायचं अजून राहिलंच आहे. सध्या संध्याकाळी परतताना मी स्कूटर हळू करते आणि खिडकीकडे बघते, मग वाकडी वाट करून सेल्लम्माच्या दारात थांबते. ती अंगणातल्या पायरीवर बसलेली असते.

"आहे?" ती विचारते.

"आहे."

"उद्याही बघ," ती म्हणते.