आतोबांचा कश्ती क्लब

आमच्या आतोबांइतका पाण्यावर भरवसा ठेवणारा माणूस कोकणातल्या कोळीवाड्यातही सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी तसं म्हणायचो म्हणून पुढे सारा गावच त्यांना आतोबा म्हणू लागला. राहणारे केज तालुक्यातले. आमच्याकडे तळ्यात पाणी म्हणजे दिवाळीला आलेला जावई. मानपान घेणार आणि निघून जाणार. अशा गावात या माणसाने शिडाच्या होड्यांचा क्लब काढला. होडी एक. सभासद सुरुवातीला एक. अध्यक्ष, खलाशी, सुतार आणि प्रेक्षकही तेच. टीका करण्याचं काम तेवढं आत्याकडे होतं. शीड आतोबांच्या धोतरजोडीचं शिवलेलं होतं आणि नांगर म्हणून आत्याच्या जात्याची खालची तळी बांधलेली. आत्या तळ्याच्या बांधावर, पाळीवर उभी राहून ओरडायची, "धोतर वाऱ्यावर, जातं पाण्यात! आता दळू कशावर, तुमच्या डोस्क्यावर?" आतोबा तळ्याच्या मधोमध हात कानाला लावायचे आणि म्हणायचे, "वारं लई हाय, ऐकू येत न्हाई!"

हे खूळ त्यांनी सिकंदराबादेहून आणलं. तरुणपणी ते तिथल्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे नोकर होते. संध्याकाळी साहेब लोक हुसेनसागरावर शिडाच्या होड्या पळवायचे आणि आतोबा काठावर साहेबाचा कोट हातावर घेऊन उभे राहायचे. होडीला बोट लावायची मुभा नव्हती. "सगळी विद्या कोट धरून शिकलो," असं ते अभिमानाने सांगत. त्यामुळे वारा कसा पकडायचा हे समजावताना त्यांचा उजवा हात हवेत फिरायचा, पण डावा मात्र कोपरात मुडपून पोटाशी घट्ट धरलेला असायचा. त्याच्यावर अजून कोट होता, आणि तो खाली पडू द्यायचा नव्हता.

वारा त्यांच्या डोक्यातून कधी उतरायचाच नाही. पंगतीत ते वाऱ्याकडे पाठ करून बसायचे. देवळात गेले की देवाच्या आधी कळसावरच्या झेंड्याचं दर्शन. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, भटजींचा सूर लागला होता, आणि एवढ्यात वाऱ्याने अंतरपाट टम्म फुगला. मागून आतोबा ओरडले, "ढील द्या, ढील! फाटंल ते!" अंतरपाट धरलेल्या दोघांनी घाबरून खरंच ढील दिली आणि वधूवरांनी एकमेकांना मुहूर्ताआधीच पाहिलं. भटजी वर्षभर आतोबांशी बोलले नाहीत. त्या जोडप्याचा संसार मात्र उत्तम चालला आहे, याचं श्रेय आतोबा अजून स्वतःकडे घेतात.

हळूहळू तळ्यावर रोज माणसं जमू लागली. कोणी हसायला यायचं, कोणी बसायला. तसा पाटलांनी आतोबांना निरोप धाडला. त्या दिवसांत चार माणसं एका जागी जमली की निजाम सरकारच्या कपाळाला आठी पडायची. "परवानगी आणा, न्हाईतर होडी फोडून चुलीत घाला," पाटील म्हणाले.

अर्ज मी लिहिला. हैदराबादेला जाऊन बी. ए. झालेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. कचेरीच्या उर्दूची मला भीती नव्हती. होडीला उर्दूत कश्ती म्हणतात, म्हणून 'कश्ती क्लब' असं ठसठशीत लिहिलं. आता उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा कोणी घालत नाही. त्यामुळे कश्ती आणि कुश्ती हे दोन्ही शब्द लिहिताना तंतोतंत एकच दिसतात. माझी चूक नव्हती, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. पण तहसीलदारसाहेबांना कुस्तीचा भारी नाद. त्यांनी कुश्ती वाचली, खुशीने मंजुरी दिली, आणि एके दिवशी आपला लाडका पहिलवान घेऊन तळ्यावर दाखल झाले.

"अखाडा किधर है?"

आतोबांनी तळ्याकडे बोट दाखवलं. तिथे धोतर फडफडत होतं. पाटलांचा चेहरा पडला. मी पुढे होऊन कश्ती-कुश्तीचा खुलासा करणार, तोच आतोबांनी माझा कोट मागून ओढला. "गप बस बीए. तू समजावून सांगितलंस की ते कागद वापस मागतील." मग तहसीलदारांपुढे वाकून म्हणाले, "हुजूर, हमारा पैलवान हवा है. दिखता नई, पर रोज पटकता."

पहिलवान पोट धरून हसला. लंगोट कसून होडीत चढला, मधोमध उभा राहिला आणि त्याने शड्डू ठोकला. त्याच क्षणी पाळीवरून वाऱ्याचा झोत आला. पुढच्या क्षणी होडी आडवी, पहिलवान पाण्यात, आणि वर फक्त त्याची शेंडी. मग तो खोकत वर आला. तहसीलदारसाहेबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आतोबांकडे, आणि मांडीवर थाप मारून ओरडले, "चित!" जिंकलेल्या मल्लाला द्यायला आणलेला फेटा त्यांनी डोलकाठीला बांधायला लावला. कागद बदलून द्यायची मी विनंती केली, तर म्हणाले, "रहने दो. आप कश्ती पढो, हम कुश्ती पढेंगे. लिखा तो एकीच है."

परवानगी राहिली, पण क्लब जगेल का, हा प्रश्न राहिलाच. आतोबांचे गुडघे धरू लागले होते. पाटील चिमटा काढायचे, "आतोबा, तुमच्या माघारी त्या होडीत कोंबड्या डालतील." त्यावर आतोबा हसायचे, पण त्या दिवशी जेवायचे कमी. दर दसऱ्याला ते शर्यत लावायचे. एकच होडी, म्हणून पहिला नंबर वाऱ्याला आणि दुसरा स्वतःला. फेट्याचं टोक कपाळाला लावून म्हणायचे, "बीए, एकट्याचा क्लब म्हंजे येड्याचा बाजार. मला हरवायला कुणीतरी पायजे बे."

मागच्या दसऱ्याला मांजरसुंब्याच्या वाटेने एक बैलगाडी आली. लिंबागणेशकडची मंडळी होती. तहसीलदारांनी पहिलवान चित झाल्याची गोष्ट जिथे तिथे सांगितली होती, आणि ती ऐकून या मंडळींनीही एक होडी केली होती. ओबडधोबड, शीड पासोडीचं, सुकाणू उलट्या बाजूला. आतोबांनी आधी त्यांना तासभर शिव्या घातल्या, मग सुकाणू स्वतःच्या हाताने बसवून दिलं, आणि मग त्यांच्याशी शर्यत लावून सपशेल हरले. पाण्यातून लंगडत बाहेर आले ते ओरडतच, "हरलो बे बीए! हरलो!" आत्याने गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात कोंबला. हरलेल्या माणसाचं तोंड गोड करताना मी तिला तेवढंच एकदा पाहिलं.

यंदा तळं बरं भरलं आहे. लिंबागणेशवाले परत आले. आतोबा पाळीवर आले, होडीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "जा, बस तू."

"मी? मला कुठं येतंय?"

"मला तरी कुठं येत होतं? बारा महिने बघतोयस की. कोट काढ, भिजंल. आण इकडं."

हैदराबादेला शिवलेला माझा काळा कोट मी काढला, पण हात पुढे होईना. आतोबांनी डावा हात सवयीने मुडपून पोटाशी धरलाच होता. मग त्यांनी तो सरळ केला, माझ्या हातातून कोट घेतला, झटकला, आणि अंगात घातला. बाह्या पार बोटांच्या खाली आल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या आणि पाळीवर ऐसपैस बसले.

मी शिडाची दोरी धरली. मागून आवाज आला, "बीए, ढील दे, ढील!"