कंसवाले सर

आमच्या इंदूरच्या कॉलेजात एक सर ‘स्कीम’ नावाची संगणकभाषा शिकवतात. नाव ऐकून नवा माणूस हमखास विचारतो, “भिया, परतावा कितीचा?” सर नुसते हसतात आणि पोह्यांवरची शेव बाजूला काढत राहतात. शेवेशिवाय पोहे खाणं, इंदुरात हे धाडसच आहे.

यंदा हा विषय बंद करायचं चाललं होतं. विभागप्रमुख मॅडम तासाला येऊन बसल्या, सोबत सहकारी म्हणून मीही.

“सर, एकच काम पुन्हापुन्हा करून घेणारा साधा फॉर लूपसुद्धा या भाषेत नाही. मग आहे तरी काय?”

“ओळीओळीत कंस आहेत, मॅडम. आणि थोडी फंक्शनं.”

एवढ्यावरच त्यांनी फळ्यावर चार-पाच ओळींत फॉर लूप बनवला. मुलांनी लॅपटॉपवर चालवून पाहिला, चालला.

“अच्छा, मग हा भाषेतच घालून टाका ना,” मॅडम म्हणाल्या.

“कशाला? ज्याला लागेल तो बनवून घेईल. बनवता येतो, हीच तर तिची ओळख आहे.” सरांनी शांतपणे फळा पुसला.

मला वाटलं, विषय गेला.  पण मॅडम म्हणाल्या, “आणि अट खरी असेपर्यंत फिरत राहणारा व्हाइल लूपपण बनतो का?”

सरांनी खडू पुढे केला. मॅडमनी पर्स बाकावर ठेवली आणि उठल्या.