माणसांना चिकटवलेले शब्द

आमची बबडी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. ठणकती दाढ घेऊन आलेल्या माणसाला "बसा हं, पाचच मिनिटं" म्हणत तासभर शांत ठेवण्यात तिचा हातखंडा. पण डॉक्टर निवृत्त होणार, दवाखाना महिन्याअखेर बंद. म्हणून तिनं एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनसाठी अर्ज केला. मुलाखत इंग्रजीत, हे कळल्यावर मी देवाला नारळ बोलले. बबडीनं मात्र भारी भारी इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक आणलं.

पाठांतराशी तिचं वाकडं. तिची पद्धत निराळीच: शब्द माणसाला चिकटवायचा. पेपरातून डोकं वर न काढणारे बाबा 'टॅसिटर्न', म्हणजे अबोल. माझ्या सासूबाई 'गॅर्युलस'. मी 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह', म्हणजे सदा धास्तावलेली. ज्याची त्याची चिठ्ठी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर.

"मला काय म्हणालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलायला जिला कधीच विषय कमी पडत नाही अशी, आजी."

सासूबाई खूश! शेजारणीला फोन लावून त्याच विषयावर सुरू झाल्या. आमच्या ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

"अगं, स्वतःसाठीही एखादा शब्द बघून ठेव," मी म्हणाले. "तुम्ही कशा आहात, असं विचारतातच."

"आई, तू ना, अगदी अ‍ॅप्रिहेन्सिव्ह!"

मुलाखतीत पहिलाच प्रश्न तो आला. बबडीनं घरातल्या सगळ्यांना शब्द वाटले होते, स्वतःलाच ठेवला नव्हता. मग तिनं सरळ आमच्यापासून सुरुवात केली. बाबा असे, आजी अशी, आई अशी. तिघं एका खोलीत, टीव्ही एकच. "तरी घरात भांडण होत नाही," ती म्हणाली. "ते मी बघते."

मॅनेजरबाई खो खो हसल्या. "आमच्याकडे हे तिन्ही नमुने रोज उतरतात," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून या."

घरचे वाभाडे काढून नोकरी मिळवलीन पोरीनं! रागवावं की कौतुक करावं, कळेना.

आज तिची पहिली रात्रपाळी. "फोन करायचा नाही," असं बजावून गेलीय. मी मुळीच करणार नाही. फक्त मेसेज टाकलाय: जेवलीस का?