शेवटच्या धारा

शिरोळकडच्या त्या गावात संयोगिताच्या तोंडून आकडा निघाला की निघाला, त्यावर अपील नाही. महिला दूध संस्थेत फॅटच्या मशीनवर ती बसायची. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, ती प्रत्येकीच्या दुधाचा नमुना मशीनला लावायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "सहा नऊ. सात एक. चार दोन... मावशी, ह्यात पाणी जरा कमी घालत जावा." समोर पाटलीणबाई असो की दुसऱ्याच्या शेतात रोजानं भांगलायला, तण काढायला, जाणारी असो, तिच्याकडं डावं-उजवं नव्हतं. त्यामुळं गावात तिला मान होता, आणि पाठीमागं शिव्याही भरपूर होत्या.

अठ्ठ्याण्णव साली तिला राजवीर झाला. बाळंतपण सुखरूप झालं, पण शेवटच्या दोन महिन्यांत बीपी चढलं होतं आणि वजन गेलं होतं ब्याऐंशीवर. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "हे वजन उतरलं पाहिजे, नाहीतर बीपी कायमचं मागं लागेल. पण उपाशी राहून नाही, सावकाश. आणि पाजणं अजिबात तोडायचं नाही."

सासू, बाळाबाई, शेजारीच उभी होती. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "डॉक्टरीणीला काय कळतंय? चाळीस वर्सं म्हशी पिळल्यात मी. वैरण तोडली की दूध तुटतंय."

आणि घरी डिंकाच्या लाडवांचा डबा भरून तयार होता. सकाळी दोन लाडू, दुपारी तुपातला शिरा, संध्याकाळी परत लाडू. बाळाबाई मायेनंच करत होती, त्यात खोट नव्हती. पण माया सुद्धा कधीकधी गळ्यापर्यंत येते. संयोगिता डॉक्टरीणबाईंचं ऐकून एक लाडू मागं ठेवायची, की सासूचं तोंड फुगायचं.

सव्वा महिन्यानंतर ती संस्थेत जायला लागली. संस्था घरापासून हाकेच्या अंतरावर. जाण्याआधी घाईघाईनं पाजायचं, चार-पाच मिनिटं एका अंगाला, चार-पाच मिनिटं दुसऱ्या अंगाला, आणि पोराला सासूच्या हातात देऊन पळायचं. तासाभरात पोरगं रडायला लागायचं. बाळाबाईनं निकाल दिला, "दूध पातळ हाय तुजं. लाडू खात न्हाईस, त्येचं हे फळ."

आता दुसरी कुणी असती तर घरात रडत बसली असती. संयोगितानं काय केलं, तर पाजायच्या आधी थोडं दूध नमुन्याच्या बाटलीत काढलं, पदराखाली धरून संस्थेत नेलं आणि रांग संपल्यावर मशीनला लावलं. अडीच! गाईच्या दुधाला सुद्धा साडेतीन लागतं. अडीचचं दूध कुणी आणलं असतं तर तिनं ते सगळ्यांसमोर परत पाठवलं असतं. ज्या तोंडानं तिनं गावभर बायकांची दुधं हिणवली, त्याच तोंडानं आता स्वतःला काय सांगायचं, हेच तिला कळेना.

मग ती तेच करून बसली जे फक्त दूध संस्थेतली बाईच करील. म्हशीच्या दुधाचं फॅट वाढवायचं तर तिच्या खुराकात सरकी वाढवतात. तिनं लाडू वाढवले. दोनाचे चार केले, वरून वाटीभर तूप. सासू खूश झाली. तीन आठवड्यांनी संयोगितानं परत नमुना लावला. दोन सहा. पशुखाद्याची पोती मोजायच्या काट्यावर ती स्वतः उभी राहिली, तर पंच्याऐंशी. डॉक्टरीणबाईंकडं गेली तेव्हा बीपी पुन्हा चढलेलं. त्यांनी गोळी लिहून दिली, ती पाजताना चालते असं सांगितलं, आणि चांगलं फैलावर घेतलं.

"बास झालं," घरी आल्यावर बाळाबाई म्हणाली. "अमुशा सरली की पोराला म्हशीचं दूध सुरू करायचं. तू खा न्हाईतर नको खाऊ. माज्या नातवाचं हाल न्हाई बघवत मला."

अमावास्येला सहा दिवस होते. संयोगिताला सासूचा राग आला नाही, स्वतःचाच आला. पोराला पोटाशी धरलं की तिला वाटायचं, आपण ह्याला पाणीच पाजतोय. ते फार वाईट होतं. पण हार मानून बाटली हातात घ्यायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणाबाई रांगेत भांडायला लागली. तिच्या म्हशीचं फॅट सातावरून एकदम साडेचारवर आलं होतं.

"मशीन बिघडलंय तुमचं! एक थेंब पाणी घातलं असलं तर माजी जीभ झडू दे."

"कास पुरी पिळलीस काय?" संयोगितानं विचारलं.

"न्हाई की. रेडकू लई वाळलंय. अर्दी धार काढली नि बाकीचं त्येला सोडलं."

"मग फॅट कुठनं लागंल? पयल्या धारा पातळच असत्यात. सगळा लोण्याचा ऐवज शेवटच्या धारांत असतोय, त्यो रेडकाच्या पोटात गेला."

बोलून झालं आणि संयोगिताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे ज्ञान ती रोज वाटत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते असं. तिनं नमुना पाजायच्या आधी काढला होता. आणि राजवीरला तर ती चार मिनिटांत ओढून घेत होती, शेवटच्या धारा त्याच्या वाट्याला येऊच देत नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं घाई केली नाही. पोरगं एका अंगाला पीत राहिलं, आपण होऊन तोंड सोडेपर्यंत. मग तिनं नमुना घेतला. संस्थेत रांग वाट बघत होती, बघू दे. रांग संपल्यावर बाटली मशीनला लावली, तर सहा एक!

ती धावत घरी आली आणि सासूला सगळं सांगितलं. बाळाबाईला समजावून सांगायची गरजच पडली नाही. चाळीस वर्षं धार काढलेली बाई ती.

"आगं खुळे, म्हंजे अर्ध्यातनंच पोराला उठवत हुतीस?"

"व्हय आत्ती."

"आनि मी आपली लाडू वळतोय!"

तरी बाळाबाई एवढ्यानं ऐकणारी नव्हती. तिनं एक महिना दिला, तोवर म्हशीचं दूध थांबलं. संयोगितानं लाडवांचा डबा नणंदेकडं धाडून दिला. भाकरी, आमटी, पालेभाजी, उसळ, दुपारी दही, एखादं अंडं, असं तिन्ही त्रिकाळ पोटभर खायचं. तहान लागेल तेव्हा पाणी. आणि पहाटे मळ्यापर्यंत चालत जाऊन यायचं. एकदा ती उतावीळ झाली. रात्रीची भाकरी आठ दिवस सोडली, तर उभ्या उभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पोरगंही किरकिर करायला लागलं. तो शहाणपणा तिनं तिथंच सोडला. महिनाभरानं नर्सबाईनं राजवीरला काट्यावर घातलं, तर पोरगं पाऊण किलोनं वाढलेलं. संयोगिता दीड किलोनं उतरलेली. बाळाबाईनं दोन्ही आकडे दोनदा विचारून घेतले. राजवीर वर्षाचा झाला तेव्हा त्याची आई सदुसष्टावर आली होती, गोळी सुटली होती, आणि पोरगं अजून अंगावर पीत होतं.

पण करायला गेलं एक आणि झालं भलतंच! "माज्या सुनंला सहा एक लागलं," असं बाळाबाईनं गावभर सांगितलं. मग एकेक सासू सुनेच्या दुधाची बाटली पदराखाली घेऊन संस्थेत यायला लागली. संयोगिता भडकायची. एका आकड्यापायी आपल्या पोराचं दूध तुटायची वेळ आली होती, हे ती विसरली नव्हती. ती बाटली मोरीत ओतायची आणि म्हणायची, "ह्ये मशीन म्हशीचं हाय. बाईचं मोजायचं तर तिचं पोरगं आणा, वजन करूया."

दोन हजार चार साली अशीच विठाबाई आली. मागं तिची सून, काखेत दोन महिन्यांचं पोर. सुनेचे ओठ सुकून फुटलेले. संयोगितानं बाटलीकडं बघितलंच नाही.

"दिवसाला पाणी किती पितीस गं?"

सून सासूकडं बघायला लागली.

"दोन तांबे देतोय की," विठाबाई म्हणाली. "जास्त दिलं की बाळंतिणीचं पोट सुटतंय."

"आनि तुमची म्हस परवा व्याली, तिला?"

"तिला काय, टप भरून..." विठाबाई बोलता बोलता थांबली.

संयोगितानं माठातला तांब्या भरून सुनेच्या हातात दिला. तिनं तो एका दमात संपवला. दुसराही संपवला. तिसरा तांब्या विठाबाईनं स्वतः भरला.